धाकटीच्या मापाचा चाकू

तिला सगळे धाकटी म्हणत. केस पिकले, लेकीचं लग्न झालं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटी ती धाकटीच. खुर्च्या आणि कोच मढवण्याचा कारखाना तिच्या वडिलांनी काढलेला. त्यांनी पोरांना एकदा थोरला आणि धाकटी अशी हाक मारली, ती सगळ्या कारागिरांच्या तोंडी बसली आणि पुढे बदलायची कुणाला गरज वाटली नाही. थोरला म्हणजे तिचा भाऊ. वडील गेल्यावर कारखाना तो चालवायचा. चालवायचा म्हणजे मधल्या मोठ्या टेबलामागे उभा राहून मापं घ्यायचा, कापड कापायचा आणि उरलेल्या वेळात सगळ्यांवर ओरडायचा.

कारखाना म्हणजे एकच लांबलचक खोली. एका अंगाला रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या, दुसऱ्या अंगाला शिलाईचं यंत्र, दाराशी सुताराची जागा. या सुताराला सगळे रंध्या म्हणत, कारण तो बोलायला लागला की समोरच्याची सालं निघत. चिकटद्रव्याचा वास कपड्यांत असा मुरलेला असे की धाकटीची लेक माहेरी आली की आधी नाक मुरडायची आणि मग आईच्या गळ्यात पडायची.

या कारखान्यात चाकूची एक रीत होती. प्रत्येकाकडे स्वतःचा घडीचा चाकू, आणि परक्याने दुसऱ्याचा मागायचा नाही. तो केवढा असावा हेही वडिलांनी ठरवून दिलेलं. उघडं पातं टेबलावर ठेवायचं आणि त्यावर आपली चार बोटं जोडून आडवी ठेवायची. पातं पूर्ण झाकलं गेलं तर चाकू आपला. टोक बाहेर डोकावलं तर परत. ‘जे पातं हाताखाली झाकत नाही ते हाताचं ऐकत नाही,’ असं वडील म्हणायचे.

थोरल्याचा पंजा म्हणजे फावडं. त्याच्या चार बोटांखाली भलंमोठं पातं सुखाने झोपायचं. धाकटी कामाला आली तेव्हा मात्र तिची हाडंसुद्धा भरली नव्हती. तिच्या बोटांच्या मापाने जो चाकू आला तो बाहुलीच्या संसारातला वाटावा असा. पुढे तिचा हात वाढला, पण पुन्हा मापायला तिला कुणी बोलावलं नाही. उलट दगडावर घासून घासून पातं आणखी झिजलं. आता त्याने दोरा तुटायचा, शिवण उसवायची, फार तर पेन्सिलीला टोक निघायचं.

खुर्चीची गादी काही त्याने कापली जात नसे. गादी म्हणजे वर कापड, मधे फोम, खाली गोणपाट. ती एका दमात, सरळ कापली तरच कड स्वच्छ येते. बारक्या पात्याने वरून एकदा आणि खालून एकदा कापलं की मधे पायरी पडते, आणि त्या पायरीवर बसलेला माणूस सारखा कूस बदलत राहतो. धाकटीला असलं काम खपायचं नाही. म्हणून ती दिवसातून कितीदा तरी मोठ्या टेबलाशी जायची. जाऊन आधी उगाच विचारायची, “दादा, ते निळं रेक्झिन आलं का रे?” ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. थोरला वर न बघताच आपला चाकू पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, “आलीच आहेस तर हे एवढं कापून दे.” ती कापून द्यायची. मग आपल्या जागेवर जाऊन आपलं कापायची. चाकू परत करायला गेली की पुन्हा, “आलीच आहेस तर ही रेघ नीट पडली का बघ.” तिला वाटायचं, दादा अजून आपली परीक्षाच घेतोय. चीड यायची. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी! ती मूग गिळून गप्प बसायची.

आता कुणी म्हणेल, बाई, इतकी वर्षं एक नवा चाकू घ्यायला काय धाड भरली होती? धाड कसलीच नव्हती. पण वडिलांनी दिलेलं हत्यार बदलणं म्हणजे वडिलांना खोटं पाडणं, असं त्या घरात सगळ्यांना वाटायचं, आणि तिलाही वाटायचं. घरातल्या समजुतींना कडी नसते, कुलूप नसतं, तरी त्यांच्या बाहेर पाऊल टाकायला माणसाचं निम्मं आयुष्य जातं.

मग सभागृहाचं काम आलं. मोठं सभागृह, रांगांच्या रांगा खुर्च्या, आणि सगळ्या जमिनीला पेचांनी आवळलेल्या. त्या कारखान्यात आणायची सोय नव्हती. कुणीतरी तिथेच जाऊन, मुक्काम ठोकल्यासारखं बसून, सगळ्या मढवायच्या होत्या. सभागृहाच्या व्यवस्थापकाने नमुन्याची खुर्ची बघितली आणि तिच्या गोल कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितलं, “हा कोपरा ज्याने केलाय त्याला पाठवा.” तो कोपरा धाकटीचा होता. कारखान्यात तसा कोपरा दुसऱ्या कुणाला येतच नव्हता.

तिच्या तोंडावर हसू आलं ते थोरल्याने पुसून टाकलं. “तू कशी जाणार? तिथे चाकू कुणाकडे मागशील?”

रंध्या हसला. शिलाईवालाही हसला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, त्या कामाला आपल्याला जाता येत नाही, कशामुळे, तर वीतभर लोखंडामुळे! तिने हातातली खुर्ची पुरी केली. संध्याकाळी घरी गेली आणि पेटी उघडून जाड कापड बाहेर काढलं.

आधी खिसा. पुरुषांच्या कामाच्या कोटांना दोन-दोन खिसे, हिच्या कोटाला एकही नाही. बायकांच्या कपड्यांना खिसा न ठेवणाऱ्याचं भलं होवो! त्याने जगातल्या कितीतरी किल्ल्या, पैसे आणि चाकू आयतेच पुरुषांच्या स्वाधीन करून टाकले आहेत. धाकटीने उजव्या मांडीवर दुहेरी कापडाचा खिसा लावला, वर खुर्चीला घालतात तशी पक्की शिवण घातली, आणि दुसऱ्या दिवशी चाकूसुऱ्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

दुकानदाराने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फुलांची मूठ असलेला एक इवलासा चाकू काढला. “हा घ्या, बाई. फळं फार सुरेख कापतो.”

“मला फळं नाही कापायची. खुर्च्या कापायच्या आहेत.”

दुकानदाराने चष्मा सारखा केला. “खुर्च्या?”

“खुर्च्या. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा दाखवा.”

“एवढा मोठा तुम्हाला कशाला?”

तो ‘कशाला’ नसता तर तिने विचार करून घेतला असता. पण त्या दिवशी तिला कुणी ‘कशाला’ म्हणायची सोय नव्हती. खाईन तर तुपाशी! थोरल्याच्या चाकूपेक्षाही लांब पात्याचा, पितळी मुठीचा, धोंड्यासारखा जड चाकू तिने घेतला आणि ताठ मानेने बाहेर पडली.

मान ताठ होती, चाल मात्र वाकडी झाली. चाकू पावलागणिक मांडीवर आपटायचा. खाली बसलं की मूठ कमरेत घुसायची. खिसा एका बाजूला असा लोंबायचा की कोटाची बटणं रेषेत राहीनात. आणि उघडायला दोन हात लागायचे. मढवणाऱ्याचा एक हात कायम कापडावर असतो. तो उचलला की कापड सरकलं. प्रत्येक वेळी हात सोड, चाकू उघड, कापड पुन्हा ताण, असं करता करता तिच्या नाकी नऊ आले. थोरल्याने बोटांची रीत काढली नाही, आपणच कंटाळेल म्हणून वाट बघत राहिला. रंध्या म्हणाला, “धाकटे, तलवार म्यानात ठेव, लढाई संपली.” तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो निमूट रंधा मारायला लागला.

तिसऱ्या दिवशी व्हायचं ते झालं. एका उंच खुर्चीच्या पाठीची जुनी गादी ती काढत होती. पाठीमागचं कातडं गिऱ्हाइकाने नुकतंच नवं घातलेलं, ते तसंच ठेवायचं होतं. तिने जोर लावला आणि पातं फोममधून, गोणपाटातून, त्या नव्याकोऱ्या कातड्यातून आरपार गेलं. पलीकडे रंध्या खुर्चीला पाठ टेकून पेन्सिल तासत बसला होता. त्याच्या कानाशी चाकूचं टोक बाहेर आलं.

“मेलो!” रंध्या ओरडला. मेला नव्हता, खरचटलंही नव्हतं. पण त्याने असा काही आकांत केला की शेजारच्या दुकानातली माणसं दारात जमली.

थोरला म्हणाला, “हात दाखवून अवलक्षण!”

धाकटी मागच्या नळाशी गेली आणि तोंडावर पाणी मारत रडली. लाज होतीच, पण राग जास्त होता, आणि तोही दादावर थोडा, स्वतःवर बराच. कारण तिला आता लख्ख दिसत होतं की तो चाकू तिने खुर्चीसाठी घेतलाच नव्हता. दादाच्या नाकावर टिच्चून घेतला होता. दुसऱ्याला दाखवायला घेतलेलं हत्यार दुसऱ्याच्याच कानाशी जाऊन उभं राहणार, नाहीतर काय होणार! तिने कातडं पदरमोड करून आणलं, बसून बदललं, आणि सगळ्यांना वाटलं की आता ही पुन्हा आपला बाहुलीचा चाकू काढणार.

सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीने एका पिशवीत गाद्यांचे तुकडे भरले, जाड, पातळ, मधले, आणि पुन्हा त्याच दुकानात गेली.

“विकलेला माल परत घेत नाही,” दुकानदार तिला बघताच म्हणाला.

“परत नका घेऊ. बदलून द्या. वरचे पैसे तुम्हीच ठेवा.” आणि तिने फोमचे तुकडे त्याच्या काचेवर मांडले.

मग तिने सगळं दुकान खाली काढायला लावलं. एकेक चाकू उघडून ती गादीच्या कडेला लावून बघायची. पातं जाडजूड गादीच्या खाली जेमतेम नखभर निघायला हवं. कमी पडलं तर पायरी, जास्त झालं तर रंध्याचा कान. मग मूठ. ती मुठीत भरायला हवी, पण मागे शेपूट उरायला नको. मग खिसा. चाकू टाकून ती दुकानात येरझाऱ्या घालायची, खाली बसायची, उठायची. शेवटी अंगठा. डावा हात काचेवर दाबून धरायचा आणि उजव्या अंगठ्याने पातं उघडायचं, मिटायचं, उघडायचं. दुकानदार आधी वैतागला, मग त्याला मजा वाटू लागली, आणि मग तोच खालच्या खणातून खोकी काढू लागला. “हा बघा बरं. नाही, मूठ घसरते. हा?”

तो होता मधल्या मापाचा. साधी लाकडी मूठ, पातं ना लांब ना आखूड. अंगठ्याच्या एका झटक्यात उघडला. तिने जाड गादीचा तुकडा धरला आणि एका दमात कापला. कड अशी आली की दुकानदाराने तिच्यावरून बोट फिरवलं.

“हाच,” ती म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला. आपल्या हाताला, आपल्या खिशाला आणि आपल्या कामाला बेताचं असं काही तिला आजवर मिळालंच नव्हतं. जे मिळालं ते कुणाच्या तरी अंदाजाने आलेलं होतं.

त्या दिवसापासून धाकटी मोठ्या टेबलाशी जायची थांबली. तिची मान खाली, काम पुढे. दुपारपर्यंत तिच्या बाजूला मढवलेल्या खुर्च्यांची ओळ लागायची. थोरला अधूनमधून मान वर करून तिच्या दिशेने बघायचा, काही बोलणार असं वाटायचं, मग पुन्हा टेबलावर वाकायचा. एकदा त्याने हाक मारून विचारलं, “निळं रेक्झिन बघितलंस का?” ती तिथूनच म्हणाली, “आलंय. कोपऱ्यात उभं आहे.”

आठवडा सरता सरता त्याने मखमल कापली आणि ती रेघ सोडून भलतीकडेच गेली. महागाचं कापड, तेवढंच आणलेलं. थोरला खडूवर ओरडला, दिव्यावर ओरडला, शिलाईवाल्यावर ओरडला. मग धाकटीकडे वळला. “तो चाकू आण इकडे.”

सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. तिने उघडं पातं टेबलावर ठेवलं आणि वडिलांच्या रीतीप्रमाणे त्यावर चार बोटं आडवी ठेवली. टोक नखभर बाहेर आलं. ते बघायला थोरला इतका वाकला की त्याचं नाक तिच्या बोटांना लागलं.

“बाहेर!” तो म्हणाला. “रीत म्हणजे रीत. हा चाकू इथे चालणार नाही. सभागृहाला मी रंध्याला पाठवतोय.”

“अहो, पण मला शिवण येत नाही!” रंध्या घाबरून म्हणाला.

धाकटीने बोटं उचलली. “हात काय मोजतोस, दादा? गादी मोज. चाकू गादी कापायला आहे का माझा हात झाकायला?”

“बाबांपेक्षा शहाणी झालीस?”

“झाले,” ती म्हणाली. “तूही हो.”

तिने चाकू मिटला, खिशात टाकला आणि भर कामातून उठून घरी निघून गेली. आजवर असं कुणी केलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनी आली. थोरल्याची बायको कधी एकटी यायची नाही, म्हणून धाकटीने काही न विचारता तिला आत घेतलं. वहिनी खुर्चीच्या टोकावर बसली आणि हात चोळत राहिली.

“वन्सं, त्यांना दिसत नाही,” ती शेवटी म्हणाली.

“काय दिसत नाही?”

“रेघ. माणसं दिसतात, रस्ता दिसतो, खडूची रेघ नाही दिसत. आज नाही, बरेच दिवस झाले. तुम्ही चाकू मागायला यायचात तेव्हा तुमच्याकडून कापून घ्यायचे. तेवढ्यावर निभत होतं. आता तुम्ही येत नाही.” तिने डोळे पुसले. “म्हणून म्हणते, तो जुना बारका चाकूच असू द्या ना. तुमचं काय जाणार आहे? पहिल्यासारख्या येत-जात राहाल, चारचौघांत त्यांची लाज राहील.”

धाकटीला ते सगळं आठवलं. कितीदा तो म्हणाला असेल, आलीच आहेस तर! आणि आपण मनातल्या मनात दात-ओठ खात होतो. दादा अंधारात चाचपडत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. तिला तेव्हाच्या तेव्हा त्याच्याकडे धावत जावंसं वाटलं. पण वहिनीचं शेवटचं वाक्य मागे राहिलं होतं, तुमचं काय जाणार आहे, आणि ते खडा लागावा तसं बोचत होतं.

“वहिनी, त्याचे डोळे अधू झाले म्हणून माझा हात तोडून ठेवायचा?”

“तसं नाही हो माझ्या मनात.”

“माहीत आहे. कुणाच्याच मनात तसं नसतं. पण होतं तसंच.” तिने वहिनीला पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं, आणि तिचा हात दाबून म्हणाली, “तुम्ही आलात हे मी त्याला सांगणार नाही. पण चाकू बदलणार नाही.”

सकाळी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेली. थोरला आलेला होताच. दिवा अगदी कापडाजवळ ओढून, वाकून, तो खडूची रेघ शोधत होता.

“दादा, तुला रेघ दिसत नाही.”

त्याचा हात जागीच थांबला. “कोण म्हणालं?”

“मखमल म्हणाली.”

तो हसला नाही, ओरडलाही नाही. खडू खाली ठेवून म्हणाला, “तू येत होतीस तोवर दिसत होती.”

असल्या एका वाक्यावर बहिणी जन्मभराचं सोडून देतात, आणि तिचीही तयारी होत आली होती. तिने खिशावर हात ठेवला आणि स्वतःला सावरलं.

“मग सांगायचं होतंस. रोज येऊन कापून दिलं असतं, हौसेने दिलं असतं. तू मला लहान ठेवलंस आणि कापून घेतलंस.”

“सांगितलं असतं तर इथे मला कोण विचारणार होतं?”

“आम्ही सगळे. पण तुझ्या डोळ्यांसाठी मी धाकटी राहणार नाही, दादा. या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं, मी नेणार. ऑपरेशन म्हणाले तर ऑपरेशन.”

“भीती वाटते गं.”

“वाटू दे. मलाही वाटते. आणि आज सभागृहाला जायचं. स्प्रिंगा आवळायला, पट्टे ताणायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. तुझ्यासारखी बोटं इथे दुसऱ्या कुणाची नाहीत. ते तू कर. कापणं-शिवणं माझं.”

थोरल्याने मान वर केली. “म्हणजे तुझ्या हाताखाली?”

ती ‘बरोबरीने’ म्हणू शकली असती. तेवढ्याने त्याला बरं वाटलं असतं. “हो,” ती म्हणाली. “माझ्या हाताखाली.”

तेवढ्यात माणसं यायला लागली. शिलाईवाल्याने यंत्र सुरू केलं. रंध्या हत्यारांची पिशवी पोटाशी धरून, फाशीला निघाल्यासारखा टेबलाशी आला. “मग, निघू का मी सभागृहाला? म्हणजे शिवणीचं काय ते…”

थोरल्याने टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवली. धाकटी कोटाची बटणं लावत राहिली. हे त्याने त्याच्याच तोंडाने बोलायला हवं होतं.

“पिशवी ठेव,” तो रंध्याला म्हणाला. “सभागृहाला ती जातेय.” आणि मग यंत्राच्या आवाजावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “आणि मी तिच्या हाताखाली जातोय. मला रेघ दिसत नाही.”

शिलाईवाल्याचा पाय पायट्यावरून निघाला, यंत्र थांबलं. रंध्याने पिशवी हळूच टेबलावर ठेवली. धाकटीला दादाचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसायच्या आत ती दाराकडे वळली.

“पिशवी तू घे, दादा,” ती म्हणाली. “आणि जरा भरभर चल.”

थोरल्याने पिशवी खांद्याला लावली आणि तिच्या मागून निघाला.